काकासाहेबांची पिकदाणी

माणसाच्या थुंकीत किती तऱ्हा असतात, हे गोरक्षनाथाला त्या पाच महिन्यांत इतकं पक्कं कळलं, की कोणी विचारलं असतं तर त्यानं उभ्या उभ्या तासभर सांगितलं असतं. धर्मराजची थुंकी तांबडी आणि घट्ट, कारण हा बाबा गुटखा गालात तसाच ठेवून वाइन तोंडात घ्यायचा. वसंताची फेसाळ, तिच्यात फरसाणाचे कण तरंगायचे. आणि काकासाहेबांची चिवट. ओठापासून पिकदाणीपर्यंत तार लोंबायची आणि तुटायचं नाव घ्यायची नाही. मग काकासाहेब मान झटकायचे, आणि तारेचं टोक हमखास गोरक्षनाथाच्या मनगटावर येऊन पडायचं. कोमट. शी, शी, शी! ज्याच्या मनगटावर पडत होतं त्याचं काय झालं असेल, तुम्हीच बघा.

आता हे थुंकणं काही रस्त्यावरचं नव्हतं. ही परदेशी जायची तयारी होती. जालन्यातल्या अकरा बड्या लोकांनी, म्हणजे बियाण्याचे व्यापारी, सळईचे कारखानदार, दोन-तीन जमीनदार, असं मिळून एक 'द्राक्षरस रसिक मंडळ' काढलं होतं. गणपती आटोपले की हे मंडळ आठ दिवसांसाठी इटलीला निघणार होतं. तिथली सहा गावं, सहा तळघरं, लाकडी पिंपातली वाइन चाखायची, फोटो काढायचे आणि यायचं. काकासाहेब मंडळाचे अध्यक्ष. "तिकडं जाऊन अडाण्यावानी ढोसायचं न्हाई," ते पहिल्याच बैठकीत म्हणाले होते. "पयले शिकायचं, मंग जायचं." म्हणून मस्तगडात त्यांच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी दुपारी सराव चालायचा. शिकवायला नाशिकहून सुरेखा मॅडम यायच्या. त्यांचा स्वतःचा वाइनचा छोटासा कारखाना होता आणि बोलणं एकदम रोखठोक.

गोरक्षनाथ त्या अकरांतला नव्हता. तो बारावा. केदारखेड्याच्या शिवारात त्याची नऊ एकर द्राक्षबाग. बाप मेंढरं राखत हिंडलेला, त्यानं म्हातारपणी चार पैसे गाठीला बांधून जमीन घेतली आणि पोरानं तिच्यावर बाग उभी केली. मंडळात द्राक्षाच्या वेलीला कधी हात लावलेला माणूस म्हणाल तर हा एकटा. पण त्याला घेतलं होतं ते त्यासाठी नव्हे. सगळ्यांचे पासपोर्ट, फोटो, विम्याचे कागद, मुंबईच्या खेपा, हे कोणीतरी करायला पाहिजे होतं. सहलवाल्यानं अकरा जणांवर एक जागा फुकट देऊ केली होती, ती या धावपळीच्या बदल्यात गोरक्षनाथाला मिळणार होती.

आणि ती जागा त्याला पाहिजे होती. जीव टाकून पाहिजे होती.

कारण त्याच्या नऊ एकरांतले दोन एकर वाइनच्या द्राक्षाचे होते. शिराझ नावाची जात. चार वर्षांपूर्वी लावली, तेव्हा अख्खं शिवार हसलं होतं. मणी बारीक, काळा, बाजारात कोणी किलोभर घेणार नाही. बायको रेणू तर सरळ म्हणाली होती, "उपटा ते आन् मोसंबी लावा. दारूची झाडं लावून कोणाचं भलं झालंय?" गेल्या वर्षीची फळं त्यानं सुरेखा मॅडमच्या कारखान्यावर नेऊन टाकली, मॅडमनी त्याची वाइन वेगळी करून दिली. बिनानावाच्या दोन डझन बाटल्या. मॅडम म्हणाल्या होत्या, "मला आवडली. पण माझं सोडा, मी तुमच्या ओळखीची. इटलीतल्या तिसऱ्या तळघरात एक म्हातारा आहे. पन्नास वर्षं तेच करतोय. वाईट असेल तर तोंडावर सांगतो. त्याच्यासमोर ठेवा." बस, तेव्हापासून गोरक्षनाथाच्या डोक्यात तो म्हातारा बसला. दोन बाटल्या घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं. त्यानं हो म्हटलं तर वेली राहतील, नाही म्हटलं तर निघतील. रेणूनंही मान्य केलं होतं. "तवर थांबते," ती म्हणाली होती, "पण त्याच्या म्होरं एक दिवस न्हाई."

आता थुंकण्याचं कसं सुरू झालं ते ऐका.

पहिल्या सरावाला सुरेखा मॅडमनी सांगितलं, "खरा चाखणारा वाइन गिळत नाही. तोंडात घोळवतो, चव घेतो आणि थुंकून देतो." हे ऐकलं आणि हॉलमध्ये आनंदीआनंद झाला. धर्मराज तर टाळी द्यायला उठलाच. "मॅडम, मंग आपुन जल्मापासून रसिक हाव की!" त्यानं तिथल्या तिथं चार हातांवरून बादलीत नेम मारून दाखवला. वसंतानं पाच हातांवरून मारला. जोर चढला, पैज लागली. बादलीच्या काठावर, फरशीवर, मॅडमच्या चपलेवर तांबडं-जांभळं उडालं. सुरेखा मॅडमनी पाय मागं घेतला आणि कपाळाला हात लावला.

पण खरा आनंद झाला काकासाहेबांना. काकासाहेब माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी पाळणार, दारूचा थेंब पोटात गेलेला नाही, हे ते दिवसातून दोनदा सांगणार. मंडळाचे अध्यक्ष झाले ते मानासाठी आणि परदेशाच्या हौसेसाठी. आता त्यांना रस्ताच सापडला. "मी चाखतो," ते हात वर करून म्हणाले, "पीत न्हाई. गिळलं तर माळ तुटली. थुंकलं तर बिलकुल दोष न्हाई." माळ सदऱ्याच्या आत सरकवायची, प्याला उचलायचा, घोट तोंडात धरायचा, डोळे मिटायचे आणि मग 'हं हं' करून थुंकायला मागायचं. श्रावण लागला तसं सगळं मंडळच या पंथाला लागलं. श्रावणात पिणं बंद, चाखणं चालू. काय सोय काढली बघा लोकांनी!

फक्त एक अडचण होती. काकासाहेबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. खोल सोफ्यात एकदा बसले की उठवायला माणूस लागायचा, आणि पोट असं की खाली वाकणं नाही. "गोरख्या," ते पहिल्या दिवशी म्हणाले, "जरा बादली वर धर रे." जवळ तोच उभा होता. त्यानं धरली. त्यात काय एवढं? वडीलधारा माणूस, गुडघे दुखतात. दुसऱ्या खेपेला सांगावं लागलं नाही. तिसऱ्या खेपेला काकासाहेबांनी नुसता हात हलवला. सुरेखा मॅडम एकदा म्हणाल्या, "टेबलावर ठेवा की."

"खाण्याच्या टेबलावर थुंकायचं भांडं? आमच्यात न्हाई चालत."

"मग एखादं स्टूल आणा."

"स्टूल कशाला?" काकासाहेब भाबडेपणानं म्हणाले. "गोरख्या हाये की."

प्लॅस्टिकची बादली काकासाहेबांना शोभेना. मग त्यांनी आपल्या आजोबांची पितळी पिकदाणी बाहेर काढली. निजामाच्या वेळची. पसरट काठ, बारीक मान, खाली गोल पोट. काठाला एका ठिकाणी पोचा. सगळ्यांनी वाहवा केली. "हीच न्यायची इटलीला," काकासाहेबांनी जाहीर केलं. "गोऱ्याला दाखवू, की आमच्यात थुंकायचं बी कसं नबाबी व्हतं." सामानाच्या यादीत गोरक्षनाथानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पिकदाणी, एक नग. त्या यादीत आधीच बऱ्याच वस्तू होत्या. सात किलो चिवडा, ठेचा, खिचडीसाठी विजेची शेगडी, आणि धर्मराजच्या कोटाला आतून शिवलेले गुटख्याचे खिसे. द्राक्षाबद्दल यादीत काही नव्हतं.

पिकदाणीची मान बारीक, त्यामुळं बादलीपेक्षा ती वाईट. बादलीत पडलेलं निदान दूर असायचं. इथं काठावर पडायचं, सावकाश आत उतरायचं, आणि धरणाऱ्याच्या बोटांना उब लागायची. सराव संपला की ती मागच्या मोरीत रिकामी करणंही त्याच्याकडंच. उलटी केली की गुळगुळीत, लाल-जांभळं, बुडबुडे आलेलं एकदम घळ्ळकन बाहेर यायचं. वास असा, की आंबलेल्या द्राक्षात कोणी सुपारी कुजवली आहे. एकदा त्याला खरंच ओकारी झाली. वरून वसंताचा आवाज आला, "काय रे गोरक्ष, चढली का?" आणि सगळे खदाखदा हसले.

किळस माणसाच्या जिभेत शिरते, हे त्याला माहीत नव्हतं. त्याची जीभ म्हणजे बागेतला ऐवज. मणी तोंडात टाकला की साखर किती उतरली ते सांगायचा, यंत्र पुन्हा तेच दाखवायचं. सुरेखा मॅडमनी सुरुवातीला वासांचा कागद वाटला होता, चेरी, प्लम, जुनं चामडं. इकडं कोणी चेरी बघितली होती? गोरक्षनाथानं वास घेऊन सांगितलं, "हे जांभूळ हाये. हे पिकलेली चिंच. आन् ही बाटली म्हंजे उन्हात वाळलेली घोंगडी." मॅडम आ वासून बघत राहिल्या. काकासाहेबांनी ते तिन्ही पाठ करून टाकलं आणि पुढच्या वेळी प्रत्येक बाटलीला घोंगडी म्हटलं. पण आता पाच महिन्यांनी गोरक्षनाथाच्या जिभेला एकच चव यायची. वरण खाल्लं तरी तीच, पाणी प्यायलं तरी तीच. भेंडीची भाजी तर त्याला ताटात बघवेना, तिची तार सुटते म्हणून. स्वतःच्या वाइनची बाटली त्यानं एकदा उघडली, प्याला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. गिळवेना.

रेणूला सगळं दिसत होतं. ती शर्ट धुवायची ना! "हे बाहीवर कशाचे डाग पडून राह्यले?" तिनं विचारलं.

"वाइनचे."

"वाइनचे डाग मी वळखते. ह्याच्यात गुटखा कुठून आला?"

मग त्यानं सांगितलं. थोडंफारच सांगितलं, पण तिनं उरलेलं जोडून घेतलं. शर्ट बादलीत टाकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लोकं नुस्तं म्हणतात, अमका तमक्याची थुंकी झेलतो. तुम्ही तर खरीखुरी झेलून राह्यले की वो! आन् ती बी पितळाच्या भांड्यात!"

"आठ दिवसांचं काम हाये, रेणू. एकदा त्या म्हाताऱ्याला बाटली दाखवली की झालं."

"तिथं कोण धरणार हाये भांडं?"

हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं असं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी पिकदाणी त्याच्याकडं घरी पाठवली. शेवटचा सराव रविवारी, त्याआधी घासून लख्ख कर, इटलीला न्यायची आहे. त्यानं ती अंगणातल्या नळापाशी चिंच-मीठ लावून ठेवली आणि बागेत गेला. परत आला तर आई, आसराबाई, पिकदाणीसमोर उकिडवी बसलेली. म्हातारी सत्तरीची, नजर अजून तिखट. काठावरच्या पोच्यावरून ती अंगठा फिरवत होती.

"ही हितं कशी आली रे?"

"काकासाहेबांची हाये, माय. घासायला आणली."

"म्या कवा म्हणलं तुही हाये? मला ठावं हाये कोणाची हाये." म्हातारीनं अंगठा पदराला पुसला. "हा पोचा कसा पडला, ते बी ठावं हाये."

मग ती बोलत गेली. तिच्या सासऱ्याचं, म्हणजे गोरक्षनाथाच्या आज्याचं नाव राधाकिसन. मेंढरं स्वतःची थोडी, मालकाची जास्त. मालक म्हणजे काकासाहेबांचे आजोबा. संध्याकाळी मेंढरं कोंडली की राधाकिसनाला बैठकीत जावं लागायचं. मालक पान खायचे, आणि राधाकिसन शेजारी उभं राहून ही पिकदाणी धरायचा. वर्षानुवर्षं. आसराबाई नवी नवरी होऊन आली, हाताची हळद निघाली नव्हती, त्याच आठवड्यात हैदराबादेकडचे पाहुणे आले. मालक बोलण्याच्या नादात न बघता थुंकले, ते राधाकिसनाच्या तोंडावर. बैठक हसली.

"मंग?" गोरक्षनाथानं विचारलं.

"मंग काय! खाली ठिवली त्यानं."

"मालकाला काय म्हणला?"

"काईच न्हाई. जोरात ठिवली, ते पोचा पडला. तोंड हौदावर धुतलं, घरी आला आन् म्हणला, पोरी, बिऱ्हाड उचल. दिवस उगवायच्या आत आमी गाव सोडलं. पिंपळगाव रेणुकाईच्या माळावर जाऊन उतरलो. तुहा बाप पुढं लई सालानं परत आला, ही जिमीन घेऊन." आसराबाईनं त्याच्या बाहीवरच्या जांभळ्या डागाकडं पाहिलं. "तू धरतो काय रे?"

"न्हाई, माय. नुस्ती घासायला आणली."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात गेली. गोरक्षनाथ बराच वेळ ती पिकदाणी घासत बसला. पोच्याच्या खाचेतला काळा राप काही निघेना.

आता तुम्ही म्हणाल, एवढं ऐकल्यावर हा माणूस रविवारी गेलाच कशाला? गेला. दोन एकर वेली डोळ्यांपुढं होत्या, तो म्हातारा डोळ्यांपुढं होता. आठ दिवस, फक्त आठ दिवस, असं घोकत गेला. पिशवीत पिकदाणी आणि तिच्या शेजारी कागदात गुंडाळलेली स्वतःची एक बाटली. मॅडमनीच सांगितलं होतं, "शेवटच्या दिवशी तुमची वाइन नाव न सांगता सगळ्यांना देऊ. बघू काय म्हणतात."

रविवारी हॉल नटला होता. नवा गालिचा, गार हवेची मशीन चालू, काचेच्या खिडक्या बंद. काकासाहेबांनी इटलीसाठी शिवलेला बदामी रंगाचा सूट आजच घालून बघितला होता, आत माळ. धर्मराजनं सूटला हात लावून वाहवा केली, बोटाचा तांबडा ठसा उमटता उमटता राहिला. सहलवाल्यानं बारा जणांचे व्हिसे आल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. गोरक्षनाथाचा पासपोर्ट त्याच्या हातात पडला, आत शिक्का. खोटं कशाला सांगा, त्या घटकेला तो सगळी घाण विसरला.

"आता ऐका," काकासाहेब सोफ्यातून म्हणाले. "तिथं आपला मान राह्यला पायजे. तळघरात मी म्होरं, आन् गोरख्या माझ्या बाजूला, पिकदाणी घेऊन. फोटोत बी बराबर आला पायजे." आणि मग ते प्रेमानं, अगदी मनापासून म्हणाले, "सुरेखा मॅडम, तुम्हाला ठावं न्हाई. याच्या आज्यानं माझ्या आज्याची हीच पिकदाणी धरली. यांच्या हाताला वळणच हाये. दुसऱ्याला जमायचं न्हाई हे."

हॉल हसला. वाईट हसला असं नाही, कौतुकानं हसला. आणि तेच गोरक्षनाथाला सहन झालं नाही. कोणी शिवी दिली असती तर उलट देता आली असती. या प्रेमाचं काय करायचं? त्याला मनगटावर ते कोमट जाणवलं, अजून काही पडलं नव्हतं तरी.

मॅडमनी बिनानावाची बाटली उघडली. सगळ्यांना दोन दोन बोटं ओतली. पोळा होऊन गेला होता, श्रावण संपला होता. धर्मराजनं गुटख्यावरच घटकन ओढली आणि चाखायच्या आधी शेंगदाण्याकडं वळला. वसंतानं त्यात बर्फ टाकला. काकासाहेबांनी माळ आत सरकवली, मोठा घोट भरला, डोळे मिटले, गाल फुगवून इकडून तिकडं घोळवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ घोळवला. मग डोळे उघडून हात हलवला. हं हं.

गोरक्षनाथानं पिकदाणी उचलली. काकासाहेबांनी मान पुढं काढली. आणि गोरक्षनाथ वळला, पाच पावलं चालत गेला आणि भिंतीपाशी त्यानं ती खाली ठेवली. आज्यासारखी आपटली नाही. सावकाश ठेवली, पोच्याची बाजू भिंतीकडं करून.

"हं? हं हं!" काकासाहेबांचे डोळे मोठे झाले.

"तिथं हाये, काकासाहेब," तो म्हणाला.

आता बघा गंमत. तोंडात भरलेला घोट, बोलता येईना. अंगावर नवा सूट, खाली नवा गालिचा, खिडक्या बंद. प्याल्यात परत थुंकावं, तर मागच्या महिन्यात वसंता तसं करत होता, तेव्हा काकासाहेबांनीच त्याला सगळ्यांपुढं झापलं होतं. उठावं, तर सोफ्यातून उठवायला गोरक्षनाथ लागायचा. काकासाहेबांनी धर्मराजकडं बघून हात हलवला. धर्मराज उठला, पिकदाणीपर्यंत गेला, वाकला. वाकला आणि थांबला. आत आजवर पडलेलं त्याचंच होतं, पाच महिने त्याच्याच गालातलं. तरी त्याचं बोट काही पुढं जाईना. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि वसंताकडं बघितलं. वसंतानं खिडकीकडं बघितलं. अकरा माणसं होती त्या हॉलमध्ये, त्यातला एकही जण त्या भांड्याला हात लावेना. किळस येत होती ना! आपल्याच थुंकीची किळस.

काकासाहेबांचा चेहरा लाल झाला. हात सूटच्या आत गेला, माळेपाशी. आणि मग सगळ्यांना ऐकू आला असा आवाज झाला. गट्ट.

काकासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "गोरख्या," ते लहान आवाजात म्हणाले, "गिळली रे." क्षणभर गोरक्षनाथाला त्यांची दया आली, खरंच आली. मग काकासाहेबांचा आवाज चढला. "माझी माळ बाटवली! ह्याचं नाव खोडा! आत्ताच्या आत्ता खोडा! पासपोर्ट घ्या त्याच्याकडचा!"

"पासपोर्ट माझा हाये," गोरक्षनाथ म्हणाला. "जागा तुमची, ती ठिवा." टेबलावरची उरलेली बाटली त्यानं उचलली, बूच लावलं. "आन् गिळली ती माझ्या बागंतली व्हती."

खाली जिन्यात सुरेखा मॅडमनी त्याला गाठलं. "दोन बाटल्या उद्या माझ्याकडं पाठवा. माझी तिकडं एक खेप असतेच, मी नेते. त्या म्हाताऱ्यासमोर मी ठेवते."

"थुंकंल का तो?"

"थुंकेलच. त्याचं कामच आहे ते. पण स्वतःची बादली स्वतः ओततो."

गोरक्षनाथ हसला. मोटारसायकलीवर बसून केदारखेड्याची वाट धरली, तेव्हा मात्र हसू गेलं. शिक्का बसलेला पासपोर्ट खिशात टोचत होता. त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं, ते गेलं. पाच महिने जे झेललं, ते फुकट झेललं. घशाशी आंबट आलं. चार-चारदा गाडी थांबवून थुंकावंसं वाटलं, पण तो थुंकला नाही. थुंकण्याचा त्याला कंटाळा आला होता.

अंगणात आई शेंगा फोडत बसली होती. त्याच्या पिशवीकडं तिनं बघितलं. पिशवी हलकी होती.

"ठिवली खाली?"

"ठिवली, माय."

म्हातारीनं मान हलवली आणि पुढची शेंग फोडली.

रेणू दारात उभी होती. तिला विचारावं लागलं नाही, त्याच्या तोंडावरच सगळं होतं. "आन् इटली?" ती तरीही म्हणाली.

"गेली."

तिनं त्याच्या हातातली अर्धी बाटली घेतली. चार वर्षांत त्या वेलींचा थेंब तिनं जिभेवर घेतला नव्हता. आत गेली, स्टीलचा पेला घेऊन आली, त्यात दोन घोट ओतले आणि औषध घ्यावं तसं नाक धरून एक घोट तोंडात घेतला. गोरक्षनाथ बघत राहिला. तिनं नाक सोडलं. भुवया वर गेल्या. घोट तोंडात तसाच धरून ती दारातून बाहेर, बागेकडं बघत होती. मग तिनं तो गिळला.

"तुरट हाये," ती म्हणाली. "जांभळावानी." जरा वेळानं म्हणाली, "पर थुंकावं असं काय न्हाई त्याच्यात."

उरलेला घोट तिनं त्याच्यापुढं धरला. त्यानं पेला घेतला. आधी ती नेहमीची चव वर यायला लागली. तो थांबला, श्वास घेतला आणि प्यायला. खाली गेली.

"मोसंबीची रोपं सांगितली काय कोणाला?" रेणूनं विचारलं.

"न्हाई अजून."

"नका सांगू," ती म्हणाली, आणि पेला धुवायला घेऊन गेली.